फॉर्म भरला, पण घरात बोललात का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑगस्ट आला की अवयवदानाची गडबड सुरू होते. ३ ऑगस्टला राष्ट्रीय अवयवदान दिन, १३ ऑगस्टला जागतिक, २५ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत नेत्रदान पंधरवडा. महाविद्यालयांत सामूहिक शपथ होते, शहरातून फेरी निघते, प्रत्येक भाषणात दधीची ऋषी हजेरी लावतात आणि मोबाइलवर फॉर्म भरून मिळालेले प्रमाणपत्र स्टेटसला झळकते. यात वावगे काही नाही. पण त्याच शहरात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांपुढे हा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले असते: "छाती तर हलायलीय की वो, मेला कसं म्हणता?" शपथ आणि हा बाक यांच्यामध्ये जी माहिती पोहोचायला हवी ती पोहोचत नाही. ती थोडी तपशिलाने छापावी, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. घरी वारलेल्या माणसाचे मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय घेता येत नाही. हृदय थांबले की रक्तपुरवठा तुटतो आणि उबदार शरीरात हे अवयव थोड्याच वेळात निकामी होतात. घरच्या मृत्यूनंतर देता येतात ते डोळे आणि त्वचा; सोय असेल तिथे हाडे आणि हृदयाच्या झडपाही. मोठे अवयव मिळतात ते जवळपास सगळे मेंदूमृत, म्हणजे आपण ज्याला ब्रेन डेड म्हणतो, अशा रुग्णाकडून. तो अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असतो. असे मृत्यू थोडेच असतात: अपघातात डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव, कधी मेंदूतली गाठ. त्यामुळे लाखो लोकांनी फॉर्म भरले तरी त्यांतल्या फार थोड्यांवर अवयवदानाची वेळ येते. ती येते तेव्हा ते कुटुंब तयार आणि ते रुग्णालय जागे असावे लागते. २०२३ साली देशात मृत्यूनंतर अवयव देणारे दाते पहिल्यांदा हजाराच्या पुढे गेले. १४० कोटींच्या देशात दहा लाखांमागे एक दाताही होत नाही.

मेंदूमृत म्हणजे कोमा नव्हे. कोमातल्या रुग्णाचा मेंदू जिवंत असतो. काही जण परत येतात, काही वर्षानुवर्षे तसेच राहतात. मेंदूमृत अवस्थेत गोष्ट वेगळी आहे. कवटी हाडाची असल्यामुळे सूज आलेल्या मेंदूला फुगायला जागा नसते. आतला दाब वाढत वाढत रक्तदाबाच्या वर गेला की मेंदूत रक्त शिरणेच थांबते. मेंदूच्या तळाशी जो मस्तिष्कस्तंभ आहे, तिथे श्वासाचे केंद्र असते; तेही मरते आणि पुन्हा जिवंत होत नाही. मग छाती का हलते? कारण व्हेंटिलेटर हवा ढकलतो. हृदय का चालते? कारण ठोका देणारी त्याची स्वतःची यंत्रणा आहे, मेंदूच्या हुकमाची त्याला गरज नाही; प्राणवायू मिळतोय तोवर ते चालते. बहुधा काही तासांत किंवा काही दिवसांत तेही थांबते.

एका गोष्टीने नातेवाईक हमखास हादरतात, म्हणून ती आधीच सांगितलेली बरी. मेंदूमृत रुग्णाचे बोट, पायाचा अंगठा, क्वचित हातही हलू शकतो. ही हालचाल मणक्यातल्या मज्जारज्जूकडून येते, मेंदूकडून नव्हे. हे आधी कुणी समजावले नसेल आणि आईने मुलाचे बोट हललेले पाहिले, तर पुढे कितीही मोठ्या डॉक्टरांनी समजावले तरी उपयोग होत नाही. आणि तिचे त्यात काही चुकत नाही.

मेंदूमृत्यू ठरवण्याची पद्धत १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने, २०११ च्या दुरुस्तीने आणि २०१४ च्या नियमांनी बांधून दिली आहे. एका डॉक्टरच्या सांगण्यावर काही होत नाही. चार जणांचे मंडळ लागते: रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख, सरकारने मान्य केलेल्या यादीतले एक तज्ज्ञ, त्याच यादीतले मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यविशारद आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर. मेंदूतज्ज्ञ मिळत नसतील तर यादीत मान्यता असलेले फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतातज्ज्ञ चालतात. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला एकही डॉक्टर या मंडळात नसतो. सगळ्या तपासण्या दोनदा करायच्या आणि मध्ये किमान सहा तास जाऊ द्यायचे. दोन्ही वेळचे निष्कर्ष फॉर्म १० वर नोंदवून चौघांनी सह्या करायच्या. "अवयवांसाठी डॉक्टर घाई करतात" म्हणणाऱ्यांनी हे सहा तास लक्षात घ्यावेत.

तपासणीआधी काही गोष्टींची खात्री करावी लागते. मेंदूला इजा कशाने झाली हे माहीत असले पाहिजे. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या वर हवे, झोपेच्या किंवा स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरलेला हवा, रक्तातले क्षार आणि साखर फार बिघडलेले नकोत. आपल्या सोलापूर जिल्ह्यात इथे विशेष सावध राहावे लागते. मण्यार चावलेला रुग्ण हुबेहूब मेंदूमृत दिसू शकतो: बाहुल्या विस्फारलेल्या, श्वास नाही, हातपाय लुळे. पण त्याचा मेंदू जिवंत असतो आणि व्हेंटिलेटरवर ठेवला तर तो चालत घरी जाऊ शकतो. फवारणीच्या औषधाच्या विषबाधेतही असाच चकवा बसू शकतो. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत मेंदूमृत्यूचा विचारच उशिरा आणि फार जपून करतात.

मग एकेक प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात. डोळ्यावर प्रकाश टाकला तर बाहुली आकसते का, बुबुळाला कापसाचा बोळा लावला तर पापणी मिटते का, डोके झटकन वळवले तर डोळे फिरतात का, कानात बर्फाचे पाणी सोडले तर डोळे हलतात का, घशाला स्पर्श केला तर उबळ येते का, श्वासनलिकेत नळी घातली तर खोकला येतो का, भुवईच्या हाडावर जोरात दाबले तर चेहऱ्यावर काही उमटते का. सगळ्यांचे उत्तर 'नाही' आले की शेवटची आणि निर्णायक तपासणी: ॲप्निया टेस्ट. दहा मिनिटे पूर्ण १०० टक्के प्राणवायू देतात, रक्ताचा नमुना घेतात, मग व्हेंटिलेटर सोडवतात. श्वासनलिकेत बारीक नळीने प्राणवायू चालूच ठेवतात, म्हणजे अवयवांना इजा होत नाही. छाती आणि पोट उघडे ठेवून आठ ते दहा मिनिटे नुसते पाहायचे. या वेळात रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. जिवंत मस्तिष्कस्तंभ एवढ्या कार्बन डायऑक्साइडला गप्प बसूच शकत नाही. एक तरी श्वास ओढतोच. पातळी ६० मिलिमीटरच्या वर गेली आणि तरी एकही श्वास नाही, तर तपासणी पूर्ण झाली. मध्येच रक्तदाब ९० च्या खाली घसरला किंवा प्राणवायू कमी पडला तर तपासणी थांबवून रुग्णाला पुन्हा व्हेंटिलेटरवर घेतात. काही ठिकाणी घरातल्या एका माणसाला ही तपासणी उभे राहून पाहू देतात. आमच्या मते सोलापुरातल्या प्रत्येक रुग्णालयाने हे करावे. तासभर समजावून जे होत नाही, ते दहा मिनिटे स्थिर छाती पाहून होते.

आता रुग्णालयांकडे येऊ, कारण लोकांच्या अज्ञानाला नावे ठेवणे सोपे आहे. २०११ च्या दुरुस्तीनुसार अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी प्रत्यारोपण समन्वयकाच्या सल्ल्याने, रुग्णाने अवयवदानाची इच्छा नोंदवली होती का हे विचारायचे. नसेल तर कुटुंबाला हा पर्याय असल्याचे सांगायचे. हे त्यांचे कर्तव्य आहे, कुणावर केलेला उपकार नव्हे. प्रत्यक्षात बऱ्याचदा मेंदूमृत्यू जाहीरच होत नाही. "परिस्थिती गंभीर आहे", "चान्स कमी आहे", "आता देवावर" असे दोन-तीन दिवस चालते, हृदय थांबते आणि विषय संपतो. कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. छोट्या रुग्णालयाकडे मान्य यादीतले तज्ज्ञ नसतात. रविवारी आणि रात्री तर नाहीतच. रक्तातले वायू मोजायचे यंत्र बंद असते. नातेवाईक अंगावर येतील ही भीती असते आणि ती अगदीच निराधार नसते. शिवाय कायद्यात एक फट आहे: प्रत्यारोपणाच्या कायद्यात मृताच्या व्याख्येत मेंदूमृत्यू स्पष्ट लिहिला आहे, जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात तसा उल्लेख नाही. त्यामुळे कुटुंबाने नकार दिल्यावर व्हेंटिलेटरचे काय करायचे याबाबत डॉक्टर कचरतात आणि मग जाहीर करण्याच्या भानगडीतच पडत नाहीत.

प्रत्यारोपण होत नसले तरी अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह असलेले रुग्णालय केवळ अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करू शकते. ती नोंदणी नसेल तर मेंदूमृत रुग्णाला व्हेंटिलेटरसह दुसरीकडे हलवावे लागते आणि रुग्णवाहिकेत रक्तदाब कोसळून सगळेच हातचे जाऊ शकते. सोलापूर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, म्हणजे झेडटीसीसीच्या कक्षेत येते. शंका आली की लगेच तिथे कळवायचे, दुसरी तपासणी होईपर्यंत थांबायचे नाही. पुढची जुळवाजुळव तिथूनच होते.

मेंदू मेल्यावर शरीर सांभाळणे हे जिवंत रुग्णाच्या उपचारापेक्षा अवघड काम आहे. रक्तदाब घसरतो. लघवी आवरणारे संप्रेरक बंद झाल्यामुळे तासाला अर्धा-अर्धा लिटर लघवी होऊ लागते, रक्तातले सोडियम चढते आणि ते १५५ च्या वर राहिले तर यकृत बिघडते. तापमान उतरते. डॉक्टर मंडळी 'शंभरचा नियम' धरून चालतात: वरचा रक्तदाब १०० च्या पुढे, लघवी तासाला १०० मिलिलिटरच्या आसपास, रक्तातला प्राणवायू १०० मिलिमीटरच्या पुढे, हिमोग्लोबिन लिटरमागे १०० ग्रॅम, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत १०. त्यासाठी सलाइन, व्हॅसोप्रेसिन, स्टेरॉइड, उबदार पांघरूण आणि तासातासाला नोंद ठेवणारी परिचारिका लागते. कुटुंबाने होकार दिला आणि या टप्प्यावर ढिलाई झाली, तर तो होकार वाया जातो. ही बातमी मात्र कधी छापून येत नाही.

आता होकाराबद्दल. आपल्याकडे मृताने फॉर्म ७ भरून इच्छा नोंदवली असली, तरी प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकाने फॉर्म ८ वर सही केल्याशिवाय कुठलेही रुग्णालय पुढे जात नाही. म्हणजे खिशातले कार्ड ही फक्त इच्छा, निर्णय घरच्यांचा. १८ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत आई किंवा वडील संमती देऊ शकतात. आणि घरच्यांना जर त्या दिवशी पहिल्यांदाच कळले की "त्याने असला काही फॉर्म भरला होता", तर होकार यायचा कसा? बायको तयार होते, भाऊ तयार होतो, मग रात्री हैदराबादहून चुलते पोहोचतात आणि बाकावर बसायच्या आधीच "आपल्यात असलं चालत नाही" म्हणून विषय मिटवतात. त्यांना उपचारांची, तपासण्यांची काहीच कल्पना नसते. त्यांनी पाहिलेली असते ती फक्त हलणारी छाती. म्हणून फॉर्म भरल्यावर प्रमाणपत्र स्टेटसला लावण्याऐवजी घरच्या गटात टाका, आणि ज्याच्या शब्दाला घरात वजन आहे त्या माणसाशी समोर बसून बोला. फॉर्म भरायला अवयव प्रत्यारोपणाची राष्ट्रीय संस्था 'नोटो'च्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि त्याला जोडलेला मोबाइल पुरतो. पाचेक मिनिटांचे काम. शंका असेल तर १८०० ११ ४७७० हा नोटोचा टोल फ्री क्रमांक आहे. विचार बदलला तर नोंद मागेही घेता येते.

विचारण्याचीही एक रीत आहे. मृत्यूची बातमी आणि अवयवांची मागणी एका दमात करायची नाही. आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचे साध्या शब्दांत सांगायचे, "गेले" असे म्हणायचे. "मशीनवर आहेत" अशी आशा लावणारी वाक्ये टाळायची. कुटुंबाला रडू द्यायचे, पाणी द्यायचे. मग वेगळ्या माणसाने, समन्वयकाने, बसून बोलायचे. उभ्याने, पॅसेजमध्ये, फोन वाजत असताना नाही. सोलापुरात आणखी एक अट घालावी लागेल: हा माणूस तेलुगू आणि कन्नड बोलणारा हवा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरात किंवा कर्नाटकातल्या इंडी, अफझलपूर, आळंदकडून आलेल्या कुटुंबात घरचे बोलणे मराठीत चालत नाही, आणि अशा वेळी परक्या भाषेतला प्रश्न संशयच वाढवतो. फॉर्मवर मराठीत काय लिहिले आहे ते त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तिन्ही भाषांचे लोक येतात. ऑगस्टमधल्या दहा शपथांपेक्षा जानेवारीत तिथे लावलेला एक माहिती कक्ष जास्त कामाचा ठरेल.

अपघाताच्या बाबतीत पोलिसांचा भाग येतो आणि इथे तासन् तास जातात. अपघात मोहोळच्या हद्दीत, रुग्ण सोलापुरात, तपास अधिकारी बंदोबस्तावर. अवयव काढण्याआधी पोलिसांची हरकत नसल्याचे पत्र आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची संमती लागते. शवविच्छेदन त्याच रुग्णालयात, अवयव काढण्याच्या वेळीच किंवा लगेच नंतर करता येते; तज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात येऊन पाहू शकतात. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नाही हा जुना समज आहे. सोय असलेल्या रुग्णालयात ते रात्रीही करता येते आणि अवयवदानाला प्राधान्य द्यायचे, असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्येच सांगितले आहे. खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे तेवढी वगळून. पहिली तपासणी झाली की त्याच वेळी पोलीस चौकीला कळवले, तर हे सहा तास फुकट जात नाहीत. दुसऱ्या तपासणीनंतर धावपळ सुरू केली तर नातेवाइकांचा धीर सुटतो आणि ते सरळ म्हणतात, "राहू दे, बॉडी द्या." त्यांना दोष कसा देणार?

अंतराचा हिशेब सोलापूरकरांनी नीट समजून घ्यावा. अवयव गार द्रावणात धुऊन, पिशवीत पिशवी अशा तीन थरांत घालून बर्फाच्या पेटीत ठेवतात. हृदय आणि फुप्फुस चार ते सहा तास टिकते, यकृत आठ ते बारा, मूत्रपिंड चोवीस ते छत्तीस. हे तास दात्याच्या शरीरात रक्तप्रवाह थांबवल्यापासून रुग्णाच्या शरीरात तो पुन्हा सुरू होईपर्यंतचे असतात. म्हणजे शिवायला लागणारा तासभरही त्यातच. पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर. ग्रीन कॉरिडॉर करून, म्हणजे वाहतूक अडवून रुग्णवाहिकेला रस्ता मोकळा करून, सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस हे चारही टोलनाके मोकळे ठेवून आणि हडपसरच्या गर्दीतून वाट काढून अडीच ते तीन तास. यकृत आणि मूत्रपिंडासाठी रस्ता पुरतो. हृदयासाठी हिशेब काठावर येतो; पुण्यापलीकडे न्यायचे तर विमानच हवे. जुळणी तपासायला रक्ताचे नमुने आधीच पाठवावे लागतात, कारण मूत्रपिंडाच्या क्रॉसमॅचलाच पाच-सहा तास जातात. कॉरिडॉरच्या रुग्णवाहिकेमागे गाडी घालून चित्रफीत काढणारे लोक कुठल्या कामात अडथळा आणतात, ते यावरून ताडावे.

"अवयव श्रीमंतालाच मिळतात" हा संशय चौकाचौकात ऐकू येतो. मृत दात्याचा अवयव कुणाला जायचा हे कुटुंब ठरवत नाही, डॉक्टरही मनमानीने ठरवत नाहीत. रक्तगट, आजाराची तीव्रता, किती दिवस प्रतीक्षेत आहे, अशा निकषांची यादी विभागीय केंद्राकडे असते. प्रत्यारोपणाचा परवाना असलेल्या रुग्णालयात दाता असेल तर एक मूत्रपिंड तिथल्या यादीतल्या रुग्णाला मिळू शकते, दुसरे विभागाच्या यादीत जाते. विभागात कुणी जुळले नाही तर राज्य, मग देश. दात्याच्या कुटुंबाकडून अवयव सांभाळणे, काढणे, नेणे यांचा खर्च घ्यायचा नाही असा नियम आहे. त्याआधीच्या उपचाराचे बिल मात्र वेगळे. ही रेघ कुठल्या तासापासून ओढली, ते रुग्णालयाने कागदावर लिहून द्यावे, नाहीतर बिलाच्या काउंटरवरच संशय जन्माला येतो. अवयव विकणे-विकत घेणे याला पाच ते दहा वर्षे कैद आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. एक मात्र खरे, आणि ते लपवू नये: प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची जन्मभराची औषधे महाग आहेत, त्यामुळे यादीत नाव घालण्याच्या पायरीवरच गरीब रुग्ण मागे राहतो. यादी प्रामाणिक असली तरी तिच्या दारापर्यंत सगळे पोहोचत नाहीत.

देह विद्रूप होईल ही भीतीही खरी आहे, तिला हसू नये. छातीपासून पोटापर्यंत एक उभा छेद घेतात, काम झाले की नेहमीच्या शस्त्रक्रियेसारखा शिवतात. कपडे घातल्यावर काही दिसत नाही. दहन असो वा दफन, स्नान, विभूती, गुसल, दर्शन, सगळे नेहमीसारखे होते. फक्त शस्त्रक्रियेचे काही तास उशीर होतो. लिंगायत समाजात बसवून समाधी देतात, त्यालाही अडचण येत नाही. "डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा" असे ज्येष्ठ मंडळी अजून म्हणतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या विश्वासातल्या महाराजांनी, स्वामींनी, मौलानांनी बोलावे. डॉक्टरांच्या दहा वाक्यांपेक्षा त्यांचे एक वाक्य चालते.

नेत्रदान हे मात्र प्रत्येक घराला जमणारे दान. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब, ऐंशी वर्षे वय, काहीच आड येत नाही. एड्स, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग असेल तर नेत्रपेढी डोळे घेत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढले पाहिजेत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा चार तासांतच आटपलेले बरे. नेत्रपेढीला फोन करा आणि तोवर पंखा बंद करा, कारण वाऱ्याने बुबुळ सुकते. पापण्या मिटवा, वर स्वच्छ ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच करा. मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना आधी बोलवा. बऱ्याच वेळा डोळे असतात, पथक असते आणि दाखल्यासाठी सगळे खोळंबलेले असतात. दोन साक्षीदार आणि जवळच्या नातेवाइकाची सही लागते. थोडे रक्त घेतात. सारे काम वीस-तीस मिनिटांत होते, आणि पुण्याहून निघालेली लेक पोहोचायच्या आत उरकते. मृताने फॉर्म भरलेला नसला तरी घरचे हे दान करू शकतात, हे फार थोड्यांना माहीत असते. बुबुळ बदलून पडदा किंवा नस खराब झालेल्याला दिसू लागत नाही; उपयोग होतो तो ज्याचे बुबुळ पांढरे पडले आहे त्याला.

त्वचेचे दानही सहा तासांच्या आत, मांड्या आणि पाठीवरून. अगदी पातळ पापुद्रा काढून पट्टी बांधतात. रक्तगट जुळवावा लागत नाही आणि ग्लिसरॉलमध्ये ती काही वर्षे टिकते. भाजलेल्या रुग्णाला तिचा मोठा आधार असतो. पथक सोलापुरात वेळेत पोहोचू शकते का, हे मात्र आधीच विचारून ठेवावे.

देहदान आणि अवयवदान यांची गल्लत तर सुशिक्षितही करतात. देहदान म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला अभ्यासासाठी अख्खा देह देणे; आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. शवविच्छेदन झालेला किंवा मोठे अवयव काढलेला देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान केलेला चालतो. त्यामुळे दोन्हीचे फॉर्म भरले असतील तर घरच्यांना क्रम सांगून ठेवा: मेंदूमृत झालो तर अवयव, नाहीतर डोळे आणि मग देह.

या सगळ्यात एक बाजू नेहमी अंधारात राहते. मृत दाते कमी असल्यामुळे आपल्या देशातली बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्यांवर चालतात आणि त्या दात्यांत स्त्रिया फार जास्त आहेत: आई, बायको, बहीण. घेणाऱ्यांत पुरुष जास्त. अतिदक्षता विभागातला प्रत्येक हुकलेला होकार म्हणजे कुठल्या तरी घरातल्या बाईच्या मूत्रपिंडाकडे वळलेल्या नजरा.

शेवटी, आपल्या वृत्तपत्राला तीन विनंत्या. अवयवदानाची बातमी देताना "ब्रेन डेड रुग्णाचे अवयव काढल्यानंतर मृत्यू" असे लिहू नये. मृत्यू दुसऱ्या तपासणीने ठरलेला असतो. घेणाऱ्या रुग्णाचे नाव-गाव छापू नये, कारण दोन्ही कुटुंबांची ओळख एकमेकांपासून राखून ठेवायची असते. आणि कॉरिडॉरचा फोटो जरूर छापा, पण सोबत दर तीन महिन्यांनी हेही विचारा की शहरातल्या कुठल्या रुग्णालयात किती मेंदूमृत्यू जाहीर झाले, किती कुटुंबांना विचारले गेले, कितींनी होकार दिला आणि होकार देऊनही किती अवयव कशामुळे हुकले. सिव्हिलपासून खासगी रुग्णालयांपर्यंत सगळ्यांकडे हा प्रश्न जावा. आकडा शून्य आला तर तोही छापा.

आपले,
अवयवदानाच्या कामाशी संबंधित काही वाचक,
सोलापूर